सप्टेंबरचा काठ, मेचा काठ: सोलापुरात तळ्याकाठी वेखंड कसं लावायचं

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात एक बातमी हमखास वाचायला मिळते: तलावात जलपर्णी माजली, ती काढायचं काम निघालं. संभाजी तलावाने, म्हणजे जुन्या माणसांच्या कंबर तलावाने, हे पुष्कळदा भोगलंय. आणि त्याच सुमारास कुणीतरी सांगत असतं की तळ्याच्या काठाला पाणवनस्पती लावा, पाणी सुधारतं. वाचणारा गोंधळणारच. एकीकडे वनस्पती उपसायला पैसे घालायचे आणि दुसरीकडे हौसेने लावायच्या?

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगळ्या जातकुळीच्या वनस्पती आहेत. फरक नीट कळावा म्हणून इथे एकच झाड घेऊ, वेखंड. वाळलेलं कांडं बाळंतिणीच्या घरात असतंच, पण हिरवं वेखंड पाण्याच्या काठाला, पाय चिखलात रोवून उभं राहतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेतल्या पाणथळींपर्यंत ते वाढत आलंय आणि एकदा जम बसला की वर्षानुवर्षं टिकतं. सोलापुरात मात्र ते जगवायचं तर आधी इथल्या पाण्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. इथे वेखंड मरतं ते बहुतेक वेळा चुकीच्या खोलीवर लावल्यामुळे. खत, कीड, रोग यांचा नंबर त्यानंतर लागतो.

तरंगणारी आणि पाय रोवणारी

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची मुळं पाण्यात लोंबत असतात, त्यांना जमीन लागत नाही. म्हणून खाली दोन फूट पाणी असो की वीस फूट, तिला फरक पडत नाही. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळत राहिलं, वर ऊन असलं, की दोनेक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो. पाण्याचा पृष्ठभाग झाकला गेला की खाली उजेड जात नाही, हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळणं मंदावतं, वर कुजणारी पानं उरलासुरला प्राणवायू खातात आणि मासे तरंगू लागतात.

वेखंडासारख्या झाडांना काठवनस्पती म्हणू: मुळं चिखलात, पानं हवेत, मध्ये थोडंसं पाणी. त्यांना खोलीची मर्यादा असते. वेखंडाच्या बुडावर पाच-दहा सेंटिमीटर पाणी असलं तर ते खूश, पंधरापर्यंत चालवून घेतं. त्याहून खोल पाण्यात ते सुखाने पसरत नाही. म्हणजे तळ्याचं खोल पाणी हेच त्याचं कुंपण. शिवाय भारतातल्या वेखंडात बी न धरणारी झाडं बरीच असतात, ती पसरतात फक्त जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या खोडाने. या आडव्या खोडाला मूळखोड म्हणतात, आपण त्याला बोलीप्रमाणे कांडं म्हणू.

काठवनस्पती म्हणजे सगळ्याच गुणाच्या असंही नाही. सोलापूरच्या कुठल्याही ओढ्या-नाल्याच्या कडेला तपकिरी कणसांचं पाणकणीस दिसेल. तेही काठाचंच झाड, पण त्याचं कापसासारखं बी वाऱ्यावर मैलभर जातं, ते वेखंडापेक्षा बऱ्याच खोल पाण्यात शिरतं आणि लहानसं तळं तीन-चार वर्षांत गिळून टाकतं. घरच्या किंवा शेतातल्या छोट्या तळ्यात ते मुद्दाम लावू नये.

चिखलात मूळ श्वास कसं घेतं?

जवारी किंवा तूर पाण्यात आठवडाभर उभी राहिली तर पिवळी पडून मरते. वेखंड वर्षभर पाण्यात राहतं. कारण असं: मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो त्यांना मातीच्या फटींतल्या हवेतून मिळतो. त्या फटी पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीतले जिवाणू उरलेला प्राणवायू एक-दोन दिवसांत फस्त करतात.

वेखंडाने यावर आपली सोय केलेली आहे. पानाच्या बुडाशी ब्लेडने आडवा छेद घेऊन उजेडात धरा. आतला भाग भरीव नसतो, बारीक बारीक पोकळ्यांची जाळी दिसते. या जाळीला वायुऊती म्हणतात. पानाने घेतलेली हवा तिच्यातून कांड्यापर्यंत आणि पुढे मुळांच्या टोकापर्यंत पोचते. थोडा प्राणवायू मुळातून बाहेरही झिरपतो आणि चिखलातल्या लोहाला गंज चढवतो. काळ्या चिखलातून उपटलेल्या निरोगी वेखंडाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो हाच. झाड ठणठणीत असल्याची ती खूण आहे. मुळं काळी पडलेली आणि सडक्या अंड्याचा वास येणारी असतील तर समजावं की हवा खाली पोचत नाहीये.

वेखंडाची कांडी प्राणवायूविना आठवडेच्या आठवडे तग धरतात, वनस्पतींमध्ये हे विरळाच. पण तग धरणं वेगळं आणि वाढणं वेगळं. वाढायला पानाचं टोक पाण्याच्या वर हवंच. पानं पाण्याच्या पातळीखाली छाटली तर हवेची वाट बंद होते आणि कापलेल्या तोंडातून पाणी आत शिरतं. म्हणून छाटणी करताना पाण्याच्या वर निदान वीतभर पान ठेवायचं. पुढचे सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

मग पाणी खरंच स्वच्छ होतं का?

होतं, पण सांगितलं जातं तेवढं नाही. दाट काठपट्टा लाटांचा जोर मोडतो, त्यामुळे काठ ढासळत नाही आणि गढूळ पाण्यातली माती खाली बसते. बुडालेल्या देठांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो सेंद्रिय घाण खातो. आणि झाड स्वतःच्या वाढीसाठी पाण्यातलं नत्र-स्फुरद ओढून घेतं.

घोळ या शेवटच्या कामात होतो. ओढलेलं नत्र-स्फुरद पानांत साठतं. पानं वाळून तिथेच पडली, कुजली, की ते पुन्हा पाण्यात. केर सुपलीत भरायचा आणि सुपली घरातच उपडी करायची, तसं ते होतं. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आसपास आणि फेब्रुवारीत, बाहेरची जुनी पानं कापून तळ्यापासून लांब कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत. एप्रिल-मेमध्ये कापू नये. तेव्हा पानांची सावलीच चिखल ओला ठेवत असते.

आणि ज्या तळ्यात रोज नाल्याचं पाणी येतं तिथे वेखंडाच्या चार रांगांनी काही होणार नाही. आधी नाला वळवायला हवा. सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावासारख्या सार्वजनिक पाण्यात परस्पर काही लावायला जाऊही नये. ते काम महापालिकेच्या परवानगीचं आणि आखणीचं आहे. इथली माहिती घरचा हौद, शाळेच्या आवारातलं तळं, शेतातलं मातीचं तळं किंवा गावचा पाझर यांच्यासाठी.

सोलापूरची खरी अडचण: काठ हलतो

बागकामाच्या पुस्तकांत ‘तळ्याच्या काठाला लावा’ एवढं लिहिलेलं असतं, कारण ती पुस्तकं अशा मुलखातल्या तळ्यांची असतात जिथे काठ वर्षभर जवळजवळ एकाच जागी राहतो. सोलापुरात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये दोन वळवासारख्या सरी, मग जुलै-ऑगस्टमध्ये ओढ, आणि परतीच्या पावसात तळं भरणार. त्यानंतर आठ-नऊ महिने पाणी फक्त उतरत जातं.

किती उतरतं? उन्हाच्या कडाक्यात उघड्या पाण्याचं दिवसाला साधारण एक सेंटिमीटर बाष्पीभवन धरा. महिन्याला फूटभर झालं. हा हिशोब नुसत्या वाफेचा. झिरपा, उपसा, जनावरांचं पिणं वेगळं. मातीच्या तळ्यात ऑक्टोबरचा काठ आणि मेचा काठ यांत उतारावर दहा-पंधरा पावलांचं अंतर सहज पडतं.

आता या दोन काठांमध्ये वेखंड कुठे लावणार? ऑक्टोबरच्या काठाला लावलं तर डिसेंबरात त्याचे पाय कोरडे, फेब्रुवारीत काळी माती भेगाळते. काळी माती सुकताना आकसते, भेगा हातभर खोल जातात आणि त्या भेगांमध्ये मुळं ताणून तुटतात. वरून पाणी घातलं तरी ते भेगेतून थेट खाली निघून जातं. उलट मेचा काठ पाहून लावलं तर सप्टेंबरात त्याच्यावर पुरुषभर पाणी चढतं आणि महिनोन्‌महिने राहतं. पान वर येऊ शकत नाही, झाड आतल्या आत संपतं. म्हणून जिथे पातळी फार खालीवर होते तिथे वेखंड एका जागी पक्कं लावण्यात अर्थ नाही, कितीही काळजी घेतली तरी.

आधी मोजून घ्या. ऑक्टोबरमध्ये पाण्यात एक बांबू ठोका, त्यावर पाण्याची रेघ ऑइलपेंटने मारा, आणि दर महिन्याला नवी रेघ. मेअखेरीस वरची आणि खालची रेघ यांत किती अंतर पडलं ते बघा.

अंतर हातभराच्या आत, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत असेल आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी सोडता येत असेल, तर थेट जमिनीत लावता येईल. जागा निवडायची ती मेच्या रेघेच्या किंचित वर, म्हणजे उन्हाळ्यात चिखल आणि पावसाळ्यात तीस-चाळीस सेंटिमीटर पाणी. ही खोली आवडीची नाही. पण भरात आलेल्या वेखंडाची पानं साठ ते शंभर सेंटिमीटर उंच असतात, त्यामुळे दोनेक महिने ते निभावतं. नवी लावण मात्र त्यात बुडेल. तिला पहिलं वर्ष क्रेटमध्येच काढू द्यावं.

अंतर त्याहून जास्त असेल तर भाजीचे प्लास्टिक क्रेट वापरा. आतून गोणपाट लावायचं, माती भरायची, वेखंड लावायचं आणि क्रेट उथळ पाण्यात टेकवायचा. पाणी उतरलं की क्रेट खाली सरकवायचा. दिसायला हे काही फार शोभिवंत नाही, पण इथल्या हवामानात सगळ्यात भरवशाचं हेच. ओल्या मातीचा क्रेट तीस-चाळीस किलोंचा होतो, दोन माणसं लागतात. कडेला दोरीची कडी बांधून ठेवली तर ओढायला सोपं जातं.

आणखी एक चांगली जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पाझर तलावाच्या भिंतीखाली, पाझराचं पाणी ओघळून पुढच्या चरात साचतं ती. तिथे पातळी फारशी हलत नाही आणि चिखल उन्हाळ्यातही टिकतो. भिंतीच्या पायथ्याशी मात्र खुरपंसुद्धा लावू नका, त्याने भिंतीला धोका होतो. भिंतीपासून चांगलं अंतर सोडून, चरातच, आणि ग्रामपंचायतीला किंवा संबंधित खात्याला विचारून.

शहरात, घराच्या अंगणात

सोलापुरात नळाचं पाणी जपूनच वापरावं लागतं, तिथे तळं कुणी करावं हा प्रश्न रास्त आहे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद तळं असेल तर पृष्ठभाग सहा चौरस मीटर. एक सेंटिमीटर पाणी उडालं म्हणजे साठ लिटर, रोज. एवढं पाणी उन्हाळ्यात घालवणं बहुतेक घरांना परवडणार नाही आणि घालवूही नये. त्यापेक्षा साठ सेंटिमीटर व्यासाचा टब किंवा सिमेंटचा गोल हौद घ्या. त्यातून रोज तीनेक लिटर जातील. दुपारनंतर सावली येईल अशा जागी ठेवला तर आणखी कमी.

पाणी कोणतं घालता यालाही महत्त्व आहे. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि महिन्या-महिन्याला वाढत जातात. एसीचं ठिबकणारं पाणी या कामाला उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरता आलं तर त्याहून चांगलं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं आणि आरओ यंत्राने टाकून दिलेलं पाणी टाळा, दोन्हीत क्षार दाटलेले असतात.

कांडं कुठलं घ्यायचं?

काष्ठौषधीच्या दुकानातलं वेखंड उगवत नाही. ते पूर्ण वाळवलेलं असतं. ताजं, कोंब असलेलं कांडं औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्यायचं. सोलापूर जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, चौकशी तिथून सुरू करता येईल. जंगलातल्या किंवा ओढ्यातल्या वेखंडाची उपटाउपट नको.

विकणारा प्रामाणिक असला तरी गल्लत होते, कारण तलवारीसारखी लांब पानं असलेली पाणझाडं पुष्कळ. ओळखायच्या खुणा दोन. पान चुरगाळा: गोडसर, उग्र, बाळाच्या खोलीतला ओळखीचा वास यायला हवा. पाणकणसाला आणि पिवळ्या फुलाच्या आयरिसला हा वास नसतो. दुसरी खूण, पानाची मधली शीर उठावदार असते आणि बरोबर मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते. कडेला बऱ्याचदा बारीक चुण्या दिसतात. फुलोरा आला तर करंगळीएवढा, हिरवट-पिवळा, पानासारख्या देठाच्या बाजूने तिरका निघालेला. तो आला नाही तरी काळजी करू नका, पुष्कळ झाडं वर्षानुवर्षं फुलत नाहीत.

लावण

पुस्तकी वेळ जून-जुलै. सोलापुरात तेव्हा तळं रिकामं असतं, पण हवा दमट झालेली असते आणि ऊन उतरलेलं. म्हणून जुलैत बादलीत किंवा क्रेटमध्ये कांडी धरवायची आणि तळं भरलं की त्यांना पाण्यात न्यायचं. मार्च ते मे अजिबात नको.

माती जड हवी. कोकोपीट, गांडूळखताचं हलकं मिश्रण, नर्सरीची भुसभुशीत माती पाण्यात तरंगते आणि पाणी तपकिरी करते. दोन घमेली काळी माती, एक घमेलं पोयटा किंवा गावतळ्याचा गाळ, आणि अर्धं घमेलं जाडी वाळू. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट असेल तर क्रेटला दोन ओंजळी, तेही तळाशी. ताजं शेण घालायचा मोह होतो. तो आवरावा. चिखलात शेण प्राणवायूविना कुजतं, वायू सोडतं, कांडं सडवतं आणि पाणी हिरवं करतं.

कांडं अंगठ्याएवढं जाड, वरून तपकिरी, कापल्यावर आत पांढरट-गुलाबी असावं. त्याचे पाच ते सात सेंटिमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर निदान एक जिवंत कोंब हवा. मुळं बोटभर ठेवून छाटा, पानं दहा-पंधरा सेंटिमीटरवर. कापलेली तोंडं सावलीत एक दुपारभर सुकू द्या. तुकडा आडवा ठेवायचा, कोंब वर, अंगावर चारेक सेंटिमीटर माती आणि कोंबाचं टोक मातीच्या वर डोकावतं. उभा खोवलेला तुकडा बहुधा सडतो. वर दोन सेंटिमीटर जाड खडी पसरली की माती विरघळत नाही आणि मासे उकरत नाहीत. तुकडा तरंगून वर येत असेल तर त्यावर एक चपटा दगड.

दोन तुकड्यांत तीस सेंटिमीटर अंतर. तीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद पट्ट्याला दोन ओळींत वीस तुकडे पुरतात. बाजारातल्या साधारण क्रेटमध्ये दोन, फार तर तीन.

पहिले तीन आठवडे वर पाणी साचू द्यायचं नाही, फक्त चिखल. अपयशाचं हे सर्वांत मोठं कारण: पाणझाड म्हणून पहिल्याच दिवशी पाण्यात बुडवतात. त्याला अजून पान नाही, म्हणजे हवेची वाट नाही. नवी पानं वीतभर झाली की दोन-तीन सेंटिमीटर पाणी. फूटभर झाली की पाच ते दहा.

बिघडतं कुठे

पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि तेही नव्या पानांवर: लोहाची कमतरता. माती आणि पाणी चुनखडीचं, विम्लधर्मी, त्यामुळे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हे दुखणं पाठ आहे. साधं हिराकस (लोहाचं सल्फेट) इथे लगेच निकामी होतं. चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात धरून ठेवलेलं लोह मिळतं, पण त्यातला ईडीटीए हा प्रकारही अशा मातीत फार टिकत नाही. ईडीडीएचए या प्रकारातलं लोह घ्या, पाकिटावरच्या मात्रेपेक्षा जास्त नको, आणि पाण्यात न शिंपडता मातीच्या गोळीत मळून मुळाशी खोचा. पाणी लालसर दिसलं तर घाबरू नका, त्या खताचा रंगच तो.

पानाची टोकं तपकिरी, कागदासारखी: क्षार किंवा कोरडा वारा. हौदातलं एक तृतीयांश पाणी काढून चांगल्या पाण्याने भरा. नुसती भर घालून क्षार कमी होत नाहीत.

पानं लांब, लुळी, कडेला आडवी पडलेली: सावली जास्त किंवा नत्र जास्त. वेखंडाला सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं. एप्रिल-मेच्या दुपारी हिरव्या शेडनेटची सावली मिळाली तर बरं. मेमध्ये वाढ थांबल्यासारखी वाटते, तेव्हा खत घालून त्याला ढोसू नये.

शेतात शत्रू वेगळे. म्हशी डुंबताना सगळा पट्टा चेंदून टाकतात, डुकरं कांडी उकरतात. जनावरांच्या पाणी पिण्याची वाट आधी ठरवा आणि त्या वाटेवर लावूच नका. बाभळीच्या काट्यांचं कुंपण पहिलं वर्षभर तरी हवं.

‘डास होतील, साप येतील’

डासांची शंका खरी आहे. साचलेलं, सावलीतलं पाणी त्यांना आवडतंच. पण अळ्या वाढतात त्या जिथे मासे पोचत नाहीत तिथे. म्हणून वेखंडाची गचपण होऊ द्यायची नाही. दोन-तीन वर्षांनी कांडी एकमेकांवर चढून चटई तयार होते, तेव्हा ती खणून वेगळी करायची. बंद हौदात गप्पी मासे सोडता येतात. ओढ्याला किंवा तलावाला जोडलेल्या पाण्यात सोडू नका. ते मासे इथले नाहीत, आणि एकदा गेले की परत आणता येत नाहीत.

साप आला तर तो बहुधा विरोळा असेल, पाण्यातला, बिनविषारी, बेडूक-मासे खाणारा. तरी ओळख पक्की नसेल तर हात लावायचा नाही, सर्पमित्राला बोलवायचं. झाडाच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने हलवून बघण्याची सवय असावी, मग ते वेखंड असो की ऊस.

प्लास्टिकच्या शेततळ्यात चालेल का?

नको. पाचशे मायक्रॉनचा कागद महाग असतो. वेखंडाचं कांडं बोथट आणि आडवं वाढणारं असलं, तरी काढणीच्या वेळचं खुरपं आणि उतारावर ओढलेला क्रेट कागद फाडायला पुरेसा आहे. शिवाय कागदाच्या उतारावर पाय घसरतो आणि माणसं बुडतात, तिथे बागकामाला उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. वेखंड हवंच असेल तर बोअरच्या किंवा शेततळ्याच्या पाइपखाली वेगळा चर काढा. मीटरभर रुंद, फूटभर खोल, काळ्या मातीचाच. मोटार सुरू होते तेव्हा थोडं पाणी त्यात पडलं की भागतं.

पीक म्हणून करू का, असंही विचारतात. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यात वेखंडाची शेती होते, पण ती भातासारखी, पाणी धरून. सोलापुरात जे पाणी आहे ते डाळिंबाला आणि जनावरांना लागतं. काठाची हौस म्हणून ठीक, धंदा म्हणून हिशोब जुळणार नाही.

घरचं वेखंड बाळाला द्यायचं का?

हा प्रश्न येणारच, कारण बाळगुटीत हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्याबरोबर वेखंडाचा वेढा पिढ्यान्‌पिढ्या उगाळला गेलाय. आजीचा सल्ला मोडणं जड जातं, तरी इथे थांबायला हवं. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरल्यामुळे अमेरिकेने १९६८मध्ये वेखंड आणि त्याचं तेल खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. त्याचं प्रमाण झाडाच्या प्रकारानुसार फार बदलतं आणि आपल्या अंगणातल्या झाडात ते किती, हे वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. तान्ह्या बाळाला उगाळून चाटवायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. गरोदर बाईने ते पोटात घेऊच नये. अंघोळीनंतर पूड लावायची चाल असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच, आणि बाळाच्या नाकातोंडाजवळ तिचा धुरळा उडू द्यायचा नाही.

तळ्याचं पाणी कुठून येतं तेही बघावं लागतं. काठवनस्पती चिखलातले जड धातू शोषून घेतात. नाल्याच्या, कारखान्याच्या किंवा रंगकामाच्या पाण्यावर वाढलेलं वेखंड कुठल्याही औषधाला वापरू नये, मग कांडं कितीही टपोरं दिसो.

स्वच्छ पाण्यावरचं वेखंड वर्षभराने काढता येतं. पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी कमी असताना फावड्याने बाहेरची जुनी कांडी उचलायची, आतला गड्डा तसाच ठेवायचा. कोंबाकडचा सात सेंटिमीटर तुकडा कापून त्याच दिवशी परत चिखलात. उरलेलं धुऊन, मुळं काढून, तुकडे करून सावलीत वाळवायचं. उन्हात तापवलं तर वास उडतो. वाळलेला तुकडा मोडताना कट्‌ आवाज आला की झाकणाच्या बरणीत भरायचा. जुन्या साड्या-शालींच्या कपाटात, धान्याच्या कोठीजवळ फडक्यात बांधून ठेवायला तो चांगला. पुरचुंडीवर नाव लिहून ठेवा आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा.